सावनेर ते गांधीबाग, व्हाया लोयांग

सावनेर
४ ऑक्टोबर २०२४

चि. प्रशिक,
जयभीम व आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला. का बोलला ते काही समजलं नाही. तुमच्या चीनची लाईनच खराब राहते. म्हून पत्र लिहून राहिलो, पत्रात खरखर नसते.

पुढच्या महिन्यात तुझ्या आईले जाऊन दोन वर्षं होते. विहारात वंदना ठेवली आहे, भंतेजी येतो म्हणाले. तिच्या साड्यायची पेटी तशीच आहे. मिनलले सांग, येऊन घेऊन जा म्हणा. माझ्या रागापायी त्या साड्यायले कसर लागावी असं मले वाटत नाही.

मी सोता तिले सांगणार नाही. ती नागपूरच्या गांधीबागेत, मी सावनेरले, मधात बसनं तासाभराचा रस्ता. पण रामदासपेठेच्या दवाखान्यात तुझ्या बहिणीनं जे केलं ते मी विसरलो नाही. तुझ्या आईच्या डोक्यात रक्त उतरलं होतं, डॉक्टर ऑपरेशन करतो म्हणत होता. हे पोट्टी त्याले नाही म्हणाली. नाही म्हणाच्या पहिले बापाले एका शब्दानं विचारलं नाही. मी तिथंच बाकड्यावर बसून होतो.

तू तेव्हा येऊ शकला नाही, कोरोनापायी चीनचे विमानं बंद होते. तुले दोष नाही. पण आता एवढं काम कर.

तुझा बाबा
कवडू


लोयांग
२६ ऑक्टोबर २०२४

ताई,

बाबांचं पत्र काल हातात पडलं. आईच्या साड्या घेऊन जा म्हणतात. विहारात वंदना आहे, तेव्हाच आलीस तर बरं होईल. हे शेवटचं वाक्य माझं, त्यांचं नाही.

इथे व्हॉट्सॲप चालत नाही, तिकडे इथलं ॲप चालत नाही. म्हणून तुला मेल आणि बाबांना कागद. एवढ्या लांब बसून मी तुम्हा दोघांच्या मधात आहे, हे कोणाला सांगितलं तर हसेल. काय सांगू त्यांना?

प्रशिक


नागपूर
२७ ऑक्टोबर २०२४

प्रशिक,

दिवाळीचा सीझन आहे. आपल्या मॅचिंग सेंटरमध्ये फॉल आणि अस्तर घ्यायला बायकांची लाईन लागली आहे. तुझे हर्षित भाऊजी एकटेच कापड फाडून राहिले आणि मी काउंटरच्या मागे उभी राहून हे मोबाईलवर लिहून राहिली. ते मला आता ओरडतील.

बाबांना सांग, मी येत नाही.

मी विचारलं होतं रे. त्यांच्या बाजूला बाकड्यावर बसून विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तरी शुद्ध येईल असं नाही, नळ्यांवर ठेवावं लागेल. मी म्हटलं, "बाबा, नको ना करायचं? तिला अजून त्रास नको ना द्यायचा?" त्यांनी मान डोलावली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग मी जाऊन सही केली. आणि आईला पोचवून आलो त्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्यासमोर मला म्हणाले, तू मारलं तिले.

मी विचारलं होतं, एवढं त्यांनी कबूल करावं. तोपर्यंत मी त्या घरात पाय ठेवणार नाही. हे जसंच्या तसं सांग.

मिनल


लोयांग
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय बाबा,
जयभीम.

ताईला निरोप दिला. साड्यांचं ऐकून तिला फार बरं वाटलं. यायची खूप इच्छा आहे, पण सध्या दुकानातून सुटी मिळत नाही म्हणाली.

एक गंमत सांगतो. इथे वन बाई म्हणून एक रिटायर शिक्षिका आहेत. मी त्यांच्याकडून गुडघ्यांसाठी योगासनं करून घेतो, त्या मला चिनी शिकवतात. त्यांना आपल्या तिघांचं सांगितलं, तर त्यांनी वर्तमानपत्रातला एक शब्द दाखवला. शी-ज्ये. म्हणजे एका राज्याचा निरोप दुसऱ्या राज्यात नेणारा दूत. 'शी' म्हणताना आवाज खाली जाऊन वर येतो, 'ज्ये' म्हणताना नुसता वर चढतो. मला तो खालचा सूर लागत नाही. 'शी' म्हणजे पाठवणं. 'ज्ये' म्हणजे बांबूचं पेर. फार जुन्या काळी राजा दूताच्या हातात पेरांची काठी द्यायचा. ती काठी दिसली की समजायचं, हा माणूस आपल्या मनाचं बोलत नाही, पाठवणाऱ्याचं बोलतो.

मी मोठ्या हौसेनं तो शब्द घेऊन खाली गेलो आणि पार्सलवाल्या पोराला विचारलं, आज माझ्यासाठी कोणी शी-ज्ये आला होता का? तो इतका हसला की त्याला हेल्मेट काढावं लागलं. बाईंनी मग समजावलं, हा शब्द सरकारी बातम्यांतला आहे, रस्त्यावर नाही वापरत.

तब्येतीला जपा.

प्रशिक


सावनेर
१ डिसेंबर २०२४

चि. प्रशिक,
जयभीम.

मिनलचं सोताचं दुकान आहे. तिले सुटी कोण देत नाही, तिचा नवरा? खोटं बोलायचं तर नीट बोल गा. तुझ्या बाईनं काठीचं सांगितलं, पण निरोपात साखर कालवू नये हे नाही सांगितलं का?

वंदना झाली. पन्नासेक लोक होते. तिची वाट पाह्यली असं समजू नको.

तू जे काम करून राहिला त्याले आपल्याकडे निरोप्या म्हणते. पहिले कोणाच्या घरी मयत झाली का दुसऱ्या गावाले सांगाले माणूस धाडे. ते काम आपल्याच लोकायच्या वाट्याले. तुझा आजा करे. उन्हातान्हात कोसभर चालत जाये, बाहेरच उभा राहून सांगे, अन् त्याले कोणी घोटभर पाणी देत नसे. छप्पन साली तो नागपूरले गेला, दीक्षा घेतली, अन् परत आल्यावर पाटलाले म्हणाला, आता तुमचे मढे तुम्ही सांगा. त्याच कामाले चीनमध्ये एवढा मोठा दरबारी शब्द आहे हे समजलं असतं तर म्हातारा लय हसला असता.

मिनल खरं का म्हणाली ते लिही. जसंच्या तसं.

बाबा


लोयांग
२४ डिसेंबर २०२४

प्रिय बाबा,
जयभीम.

तुम्ही म्हणता तसं जसंच्या तसं लिहितो. ताई म्हणते, ती तुमच्या बाजूला बसली होती. ऑपरेशन नको ना करायचं, असं तिने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही होकाराची मान डोलावली. मगच तिने सही केली. हे तुम्ही कबूल केल्याशिवाय ती घरी येणार नाही.

यात मी काही टाकलं नाही आणि काही काढलं नाही.

प्रशिक


सावनेर
२८ जानेवारी २०२५

चि. प्रशिक,

साफ खोटं आहे. नको म्हणासाठी मी मान कायले डोलवीन? बेचाळीस वर्षं ज्या बाईसंग काढली तिचं ऑपरेशन नको म्हणून? तिले सांग, बापाले खोटं पाडून तुले का भेटते?

अक्षर वाकडं आलं. सायकलवरून पडलो, हात मुरगळला. शालिकराम शेजारून भाजी-भाकर आणून देते. मिनलले यातलं काही सांगू नको.

बाबा


लोयांग
१९ फेब्रुवारी २०२५

ताई,

बाबा म्हणतात, खोटं आहे. आणि हे तुला सांगू नको म्हणाले आहेत, पण सांगतो: ते पडले, हाताला लागलं. सायकलवरून म्हणतात. अक्षर अगदी पहिलीतल्या पोरासारखं आलं आहे. जरा पाहशील का?

प्रशिक


नागपूर
२१ फेब्रुवारी २०२५

प्रशिक,

शालिकराम काकांना फोन केला. सायकल कुठली आली? कोळशाचा ट्रक मागून हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि बाबा रस्त्याच्या मधोमध चालत होते. बाजूला झालेच नाहीत. ड्रायव्हरनं शेवटी गाडी खाली उतरवली, तेव्हा हे दचकले आणि नालीत पडले, हात मोडला. काका म्हणे, नशीब म्हणा.

किती हट्टी माणूस असावा रे? ट्रकलाही साईड देत नाहीत, मग मला काय देतील? प्लास्टर निघेपर्यंत मी शालिकराम काकांच्या घरी काकूंजवळ डबा आणि औषधं पाठवत जाईन. बाबांना सांगू नको कोणी पाठवलं.

मिनल


लोयांग
९ मार्च २०२५

ताई,

आज वन बाईंनी मला पकडलं. त्या बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मी नेहमीसारखा मान डोलावत होतो. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "मी आता काय विचारलं?" मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "मी मुद्दामच विचारलं, तुझे आईवडील दोघंही वारले का? तू हो म्हणालास."

मी इथे सहा वर्षं हेच करतो आहे. दुकानात, बँकेत, घरमालकासमोर. समजलं नाही हे दर वेळी सांगायची लाज वाटते. समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा, तो गोड बोलत असेल तर हसायचं, गंभीर असेल तर गंभीर व्हायचं, आणि मान डोलवायची. मग लोक निघून जातात. त्यांना वाटते याला समजलं.

घरी परत येताना मला बाबांची मान डोलताना दिसली. ताई, ती अशीच डोलते. मी फोनवर काहीही विचारलं तरी ते "हो, हो" म्हणतात आणि मग लिहितात, लाईन खराब होती. इथून बाकी सगळ्यांशी मी बोलतो, लाईन कधीच खराब नसते. ते आयुष्यभर खाणीत ड्रिल मशीनवर होते. आणि तो ट्रक. हॉर्न ऐकूनही रस्त्याच्या मधात चालत राहील एवढा हट्टी माणूस कोणी नसतो.

दवाखान्यात त्यांना तुझं ऐकू आलं होतं का?

मला कोणी हे सांगायला पाठवलं नाही. माझं मीच सांगतो आहे. तू सावनेरला जा.

प्रशिक


नागपूर
१६ एप्रिल २०२५

प्रशिक,

तुझ्या मेलला महिनाभर उत्तर दिलं नाही. आधी राग आला. मग भीती वाटली.

चौदा एप्रिलला दुकान बंद होतं. सकाळी संविधान चौकात जाऊन आली आणि तशीच बस पकडली. बाबा ओट्यावर बसून होते. मला पाहून उठले, मग परत बसले. मी म्हटलं, "कसे आहात?" मान डोलावली. "हात बरा आहे का?" मान डोलावली. मग मी तोंडावर हसू ठेवलं आणि साध्या आवाजात म्हटलं, "बाबा, आपल्या घराला आग लागली आहे."

त्यांनी मान डोलावली, प्रशिक. थोडंसं हसले पण. म्हणाले, "हो, हो. बस ना वं."

मी ओट्यावरच रडायला लागली. ते घाबरले. "का झालं? काहून रडून राहिली?" मी तिथलाच पेपर घेतला आणि बाजूच्या कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं, दवाखान्यात मी तुम्हाला काय विचारलं होतं?

त्यांनी वाचलं. म्हणाले, "तू म्हणाली, ऑपरेशन करायचं ना बाबा. मी हो म्हटलं."

मी लिहिलं, मी म्हटलं होतं, नको ना करायचं.

त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग म्हणाले, "मंग मी वाट पाहून राहिलो ना वं. बाकड्यावर. आता नेतीन तिले, मंग नेतीन. नर्स आली का मी उठून उभा राहो. तीन दिवस. मले कोणीच सांगितलं नाही का नेणार नाही म्हून."

ते तीन दिवस मी त्यांना चहा आणून देत होती, प्रशिक. ते कप घ्यायचे आणि दाराकडे पाहायचे. मला वाटायचं, आईला भेटायची घाई आहे.

म्हणाले, "कान तवाच गेले होते माहे. सांगाले लाज वाटे. तुझ्या आईले माहीत होतं. कोणी काही बोललं का ते माह्याकडे तोंड करून परत सांगे."

मी खरं तेच लिहिलं त्यांना. लिहिलं की तुम्हाला ऐकू आलं असतं तर तुम्ही ऑपरेशन करा म्हणाले असते, म्हणजे मी सही केली ती तुमच्या मनाविरुद्धच. त्यांनी वाचलं, पेपरची घडी केली आणि आपल्या मांडीखाली ठेवली. म्हणाले, "आता ते तुझ्या एकटीचं नाही. दोघं मिळून उचलू."

संध्याकाळी आम्ही पेटी उघडली. एकही साडी घेऊन आली नाही. पुन्हा जायला कारण पाहिजे ना.

मिनल


नागपूर
१० जून २०२५

चि. प्रशिक,
जयभीम.

मिनलनं कानाची मशीन करून देली. पहिले दोन दिवस डोकं उठलं, साऱ्या जगानं भांडे आपटावे तसं वाटे. आता सवय झाली. सध्या इथं मिनलकडेच आहो. दुपारी दुकानात बसतो. बाया फॉलवरच्या दोन रुपयासाठी घंटाभर घासाघीस करते, सारं ऐकू येते. हर्षितले वाटते मले कंटाळा येत असन. मले तर मजा येते.

आता तुले निरोपाचा ताप नाही. मिनल म्हणते, फोनच लावत जाऊ. लावला होता, लागला नाही.

बाबा


लोयांग
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय बाबा,
जयभीम.

तुम्ही ताईकडे आहात हे वाचून फार बरं वाटलं. ताईचा मेल बऱ्याच दिवसांत आला नाही, पण दुकानाच्या गडबडीत असेल, समजू शकतो. माझा फोन नंबर बदलला आहे. पत्ताही पुन्हा बदलला, नवा खाली लिहिला आहे. बाकी सगळं ठीक.

तुम्ही दोघं मजेत आहात ना?

प्रशिक


नागपूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रशिक,
जयभीम.

विजयादशमीले दीक्षाभूमीवर जाऊन आलो, मिनल संग होती. घरी आल्यावर तिले म्हटलं, पोट्ट्यानं वर्षभर का का लिहिलं ते सारं मले वाचून दाखव. माझ्या नावाचे पत्र अन् तुझे तिच्या मोबाईलवरचे, दोन्ही. मले आता वाचलेलं ऐकाचं लय येड लागलं आहे.

तिनं सारं वाचलं.

एवढ्या पत्रायमध्ये मिनल का म्हणते ते आहे. मी का म्हणतो ते आहे. तुझ्या बाईचा तो राजदूताचा शब्द आहे. तुझं काही नाही. तुझा पत्ता वर्षात दोनदा बदलला, काहून बदलला ते नाही. तू रांधतो का विकत खातो, कोणाजवळ बसतो, काही नाही. अन् आम्हीही विचारलं नाही. दोघंही आपआपल्या भांडणात होतो. तुझ्या आजाले कोणी पाणी विचारलं नाही म्हून मी तुले सांगितलं, अन् मीच तुले विचारलं नाही.

आता कोणाचा निरोप नको लिहू. तुझं लिही.

बाबा

ता. क. मीच टाईप करून राहिली, बाबा बोलून राहिले. माझंही हेच म्हणणं आहे. मिनल.


लोयांग
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबा आणि ताई,
जयभीम.

तुम्हा दोघांना एकत्र पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ. ताई, तू वाचून दाखवशील, म्हणून सोपं लिहितो.

जिथे मी योगा शिकवायचो तो हॉल जुलैत बंद झाला. मालक वाईट नाही. त्याने शहराबाहेरच्या दुसऱ्या हॉलमध्ये काम दिलं. सकाळी कुलूप उघडतो, फरशी पुसतो, एक वर्ग घेतो. मागच्या खोलीत राहतो. भात आणि अंडी करतो, कधी नुसते नूडल्स. वन बाई मे महिन्यात दक्षिणेला मुलीकडे राहायला गेल्या. त्यांनी जाताना माझ्यासाठी मोज्यांचे जोड ठेवले. त्या गेल्या हे मी तुम्हाला कळवलं नाही, कारण ते तुमच्या दोघांच्या कोणत्याच निरोपात बसत नव्हतं. त्यांच्यानंतर इथे माझ्याशी कामाशिवाय कोणी बोलत नाही. कोणी वाईट वागत नाही. फक्त बोलत नाही.

तुमच्या भांडणाचं मला वाईट वाटायचं, पण पत्राची वाट पाहायला बरं वाटायचं. तुमचं मिटलं आणि पत्रं थांबली. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि त्या दिवसापासून खोलीत काय करावं ते कळेनासं झालं.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. आई गेली तेव्हा कोरोनामुळे इथे सगळं बंद होतं, बिल्डिंगच्या खाली उतरायचीही मनाई होती. ताईचा मेल वाचला तेव्हा कुकरमध्ये भात होता. मी तो खाल्ला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. शेजारची बाई दाराशी भाजीची पिशवी ठेवायला आली. मी दार उघडलं. मला तिला सांगायचं होतं. पण "माझी आई वारली" हे चिनीत कसं म्हणतात तेच मला येत नव्हतं. तिने काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. ती हसून निघून गेली.

मी आईसाठी अजून कोणासमोर रडलो नाही, बाबा. इथे रडून कोणाला काय समजणार?

परवा पार्कमधल्या एका म्हाताऱ्या माणसाने विचारलं, घर कुठे? मी म्हटलं, भारत. तो म्हणाला, भारत तर मोठा आहे, घर कुठे? मी सावनेर म्हणणार होतो, तर तिथे आता कोणी नाही. गांधीबाग म्हणणार होतो, तर ते ताईचं घर आहे.

मोठ्या शहरांतून भारताची थेट विमानं पुन्हा सुरू झाली आहेत असं ऐकतो. काही दिवसांसाठी की कायमचं, ते मला अजून ठरवता येत नाही. तिथे काय काम करीन तेही माहीत नाही.

मी घरी येऊ का?

तुमचा
प्रशिक